उचल घेतलेल्या माणसाला काम सोडता येतं का?

शहादा तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय: "कॉलेजच्या शिबिरात सांगितलं की सन्मानाचं काम हा जगातल्या प्रत्येक माणसाचा मानवी हक्क आहे. गावात येऊन बोललो तर लोक म्हणाले, काम मिळतंय हेच खूप, हक्क कुणाकडे मागायचा? आमच्या गावातून दिवाळीनंतर अर्धी वस्ती गुजरातला ऊसतोडीला जाते. माझ्या वडिलांची पाच एकर कपाशी आहे, तेही मजूर लावतात आणि कायद्याने ठरलेली मजुरी देणं त्यांना परवडत नाही. मग माझे वडील गुन्हेगार का? हा हक्क आमच्या खानदेशात खरा आहे की फक्त कागदावर?"

भाऊ, नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत मजुरांचे मजुरीचे आणि वेठबिगारीचे दावे चालवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आधी सरळ उत्तर देतो. हक्क खरा आहे, तो मागायची ठिकाणंही आहेत. आणि तो आपल्याकडे पोहोचलाय की नाही हे ओळखायला मी एकच गोष्ट बघतो: त्या माणसाला ते काम सोडता येतं का? किती पैसे मिळाले हा प्रश्न त्यानंतरचा. ज्याला सोडता येत नाही, त्याला मजुरीवर बोलता येत नाही, सुट्टी मागता येत नाही, हिशेब मागता येत नाही.

हा हक्क बाहेरून आला, असं गावात कुणी म्हणालं तर त्यांना फैजपूरची आठवण करून दे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्याच्या तयारीसाठी साने गुरुजी खानदेशभर पायपीट करत होते. अमळनेरची शिक्षकी सोडून ते आधीच स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले होते. त्या अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. त्यात शेतसारा आणि कर्जाच्या मागण्यांबरोबर आणखी एक मागणी होती: शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी आणि योग्य कामाच्या अटी कायद्याने मिळाव्यात. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यानंतर १२ वर्षांनी, १० डिसेंबर १९४८ ला आला.

त्या जाहीरनाम्याचं २३ वं कलम वाचून बघ. काम करण्याचा आणि ते स्वतः निवडण्याचा हक्क, न्याय्य अटी, बेकारीपासून संरक्षण, समान कामाला समान वेतन, स्वतःला आणि कुटुंबाला माणसासारखं जगता येईल एवढा मोबदला, संघटना करण्याचा हक्क, हे सगळं त्यात आहे. पुढच्या २४ व्या कलमात विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा आणि पगारी सुट्टी. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या करारात हेच देशांवर बंधनकारक झालं आणि भारताने तो करार १९७९ मध्ये स्वीकारला. तुझ्या शिबिरात 'सन्मानाचं काम' हा जो शब्दप्रयोग वापरला तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९९ पासून रूढ केला. रोजगार, कामावरचे हक्क, सामाजिक सुरक्षा आणि मालक-मजूर-सरकार यांच्यातली बोलणी हे त्याचे चार भाग. २०२२ मध्ये सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा हाही मूलभूत हक्कांत घेतला गेला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जात असताना रावेर-यावलच्या बागांत केळीचे घड डोक्यावर वाहणाऱ्यांना या शेवटच्या गोष्टीची गरज समजावून सांगावी लागत नाही.

आता कुणाकडे मागायचा ते बघू. राज्यघटनेचं ४१ वं कलम कामाच्या हक्काचं, ४२ वं कामाच्या न्याय्य आणि माणुसकीच्या परिस्थितीचं, ४३ वं निर्वाह वेतनाचं. ही तिन्ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती घेऊन थेट कोर्टात जाता येत नाही. म्हणून बरेच जण इथेच हात टेकतात. पण घटनेचं २३ वं कलम मूलभूत हक्कांत आहे आणि ते वेठबिगारीला, सक्तीच्या कामाला बंदी करतं. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती भगवतींच्या निकालाने दोन गोष्टी कायमच्या ठरवल्या. एक, किमान वेतनापेक्षा कमी पैशांवर काम करून घेणं हीच सक्तीची मजुरी आहे, कारण भूक आणि गरिबी हाही दबावच आहे. काठी घेऊन कुणी मागे उभं असायची गरज नाही. दोन, हे कलम सरकारविरुद्ध जसं चालतं तसं खासगी माणसाविरुद्धही चालतं. १९८३ मध्ये राजस्थानच्या दुष्काळी कामांबाबतही न्यायालयाने हेच धरलं: दुष्काळ आहे म्हणून सरकारलाही किमान वेतनाखाली जाता येणार नाही. तेव्हा "काम मिळतंय हेच खूप" या म्हणण्याला देशातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने चाळीस वर्षांपूर्वीच उत्तर दिलेलं आहे.

आता तुझ्या गावच्या ऊसतोडीकडे येतो. माझ्याकडे येणारी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात अवघड प्रकरणं तिथलीच असतात.

कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. पावसाळ्यात घरात दाणा संपतो, कुणी आजारी पडतं, लग्न निघतं. त्या वेळी मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, येतो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. कागद नसतो, असला तर कोऱ्या कागदावर अंगठा असतो. हंगामात पंधरवड्याला खर्ची, म्हणजे खाण्यापिण्यापुरते पैसे, मिळते, शेवटी हिशेब होतो. हा हिशेब कसा बसतो ते आकडे मांडून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण रीत अशीच असते. समजा जोडीने साडेचार महिन्यांत २०० टन ऊस तोडला आणि टनाला ४५० रुपये ठरले होते. झाले ९०,००० रुपये. उचल घेतली होती ५०,०००. खर्ची पंधरवड्याला १,५०० प्रमाणे नऊ वेळा, म्हणजे १३,५००. तर २६,५०० रुपये हातात पडायला हवेत. पण अनेक टोळ्यांत उचल दीडपटीने फेडायची असते. पन्नासाचे पंच्याहत्तर हजार झाले की शिल्लक राहतात १,५०० रुपये. त्यातून आजारपणाचे खाडे, मोडलेल्या दिवसांचा दंड आणि आणलेलं धान्य वजा केलं की जोडी फिटते शून्यावर, नाहीतर "तुमच्याकडेच निघतात" असं ऐकून परत येते. पुढच्या वर्षीचं काम त्या वाक्याने ठरून जातं.

या हिशेबात मजुरीचा दर हा एकच दोष नाही, हे नीट बघ. दर दुप्पट झाला तरी दीडपटीची फेड आणि दुसऱ्याच्या हातातली वही राहिली, तर वाढलेले पैसे कुठे गेले ते मजुराला कळणार नाही. आणि मधल्या काळात त्याला दुसरीकडे बरं काम मिळालं तरी तो जाऊ शकत नाही. गेला तर भाऊ किंवा मुलगा ओलीस असल्यासारखा मागे राहतो, किंवा गावात घरच्यांना धमक्या येतात.

कायदा इथे स्पष्ट आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने नुसती उचल देणं गुन्हा ठरवलेलं नाही. पण उचलीपोटी माणसाचं काम सोडण्याचं, दुसरीकडे काम शोधण्याचं, मोकळेपणी फिरण्याचं स्वातंत्र्य गेलं, किंवा त्याला किमान वेतनापेक्षा कमी मिळालं, तर ती वेठबिगारी होते. मग ते कर्जच कायद्याने संपतं. फेडायची जबाबदारी उरत नाही. हे वेठीचं कर्ज नाही, हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर आहे. दाद जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे मागायची आणि मुक्तीचा दाखला घ्यायचा, कारण पुनर्वसनाची मदत त्या दाखल्यावर अवलंबून असते. अडचण अशी की अधिकारी साखळदंड शोधत बसतात. "हे लोक तर आपल्या पायांनी गेले, होळीला परतही आले, वेठबिगार कसे?" हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. त्याला उत्तर म्हणून १९८२ चा तो निकाल अर्जाला जोडायचा आणि चार साध्या प्रश्नांची उत्तरं जबाबात लिहून घ्यायची: उचल किती घेतली, मधेच काम सोडायचं म्हटलं तर काय झालं, हिशेबाची वही कुणाकडे होती, रोजाला किती तास काम आणि हातात किती पडले.

होळीचंच बघ. सातपुड्यात होळी किती मोठी, हे तुला सांगायला नको. काठी गावच्या होळीला, होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला पोहोचायचं म्हणून माणसं रात्रभर टेम्पोत उभी राहून येतात. टोळी होळीला सोडायची की नाही, कुणाला सोडायचं आणि परत येण्याची हमी म्हणून कुणाला ठेवून घ्यायचं, हे मुकादम ठरवतो. जाहीरनाम्यातली विश्रांती आणि सुट्टी आपल्याकडे याच प्रश्नाच्या रूपाने येते, म्हणून मी ते कलम डोंगरातल्या बैठकीत होळीचं उदाहरण देऊनच समजावतो. दोन मिनिटांत सगळ्यांना कळतं.

धडगाव तालुक्यातल्या एका पावरा बाईचं प्रकरण सांगतो, कारण त्यातून काम कसं करायचं ते कळेल. नवरा हंगामात अर्ध्यावर आजारी पडला. तिने दीराच्या मुलाला घेऊन तोड पूर्ण केली. शेवटी मुकादमाच्या वहीत टनेज बरंच कमी आणि उलट बाकी निघालेली. ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या वजनाच्या चिठ्ठ्या होत्या. गाडी कारखान्यावर काट्यावरून आली की ड्रायव्हर चिठ्ठीची एक प्रत टोळीच्या माणसाकडे देई, ती तिने तांदळाच्या डब्यात ठेवली होती. तिला अक्षर येत नव्हतं. पण कुठली गाडी आपण दोघांनी भरली, कुठली दुसऱ्या जोडीबरोबर वाटून भरली, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण वाटून भरलेल्या गाडीच्या चिठ्ठीचा कोपरा ती फाडून ठेवत असे. काही चिठ्ठ्यांची शाई भिजून गेली होती. आम्ही ओट्यावर बसून त्या तारखेप्रमाणे मांडल्या, निम्म्या गाड्या वेगळ्या काढल्या, बेरीज केली. वहीतल्या आकड्यापेक्षा ती बरीच जास्त निघाली. कामगार कार्यालयात त्या चिठ्ठ्या आणि कारखान्याच्या काट्याची नोंद समोरासमोर ठेवायची मागणी केली, तेव्हा मुकादम तडजोडीला आला. तिचं उलटं निघालेलं देणं रद्द झालं आणि तिच्या हातात पैसे पडले. पैसे तिच्या हातात पडले, हे मुद्दाम लिहितो, कारण जोडीचा हिशेब नवऱ्याच्या नावाने होतो आणि बाईची मजुरी कुठेही लिहिलीच जात नाही.

यावर थोडं थांबतो. ऊस नवरा तोडतो, बायको साळते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. पहाटे उठून स्वयंपाक, पाणी, मूल. गाडी रात्री दोनला आली तर दोनला भरायची. कागदावर मात्र ती अर्धा कोयता. समान वेतनाचं कलम आपण नेहमी "बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी" एवढ्यापुरतं वाचतो. इथे तिला कमी मजुरी नाही, तिला मजुरीच नाही, कारण मजूर म्हणून तिची नोंद नाही. मग बाळंतपणाची रजा कुठली आणि अपघाताची भरपाई कुणाच्या नावाने मागायची? म्हणून आमचा आग्रह असतो की उचलीच्या कागदावर दोघांची नावं हवीत आणि खर्ची अर्धी-अर्धी दोघांच्या खात्यात जावी. काही मुकादमांनी हे मान्य केलं आहे. त्यांचं काही बिघडलं नाही.

अंगणवाडी सेविका आणि आशाताईंची गोष्ट वेगळी दिसते, पण मुळात हीच आहे. त्यांना जे मिळतं त्याला मानधन म्हणतात, म्हणून त्या कर्मचारी नाहीत असा युक्तिवाद वर्षानुवर्षं झाला. २०२२ मध्ये गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निकाल दिला. तुझ्या गावातल्या सेविकाताईंना तो माहीत आहे का, विचार.

आता तुझ्या वडिलांबद्दल. हा प्रश्न तू विचारलास याचं मला बरं वाटलं, कारण शेतकऱ्याचं पोर हा प्रश्न सहसा दडपून टाकतं.

कापसाची वेचणी किलोवर असते. पहिल्या वेचणीला कापूस भरघोस फुटलेला, चांगली बाई दिवसात ४० किलो वेचते. समजा दर किलोला १० रुपये, तर ४०० रुपये पडले. शेवटच्या वेचणीला बोंडं तुरळक, कवडी (किडका कापूस) जास्त, तीच बाई तेवढेच तास राबून १५ किलोही काढू शकत नाही. दर तोच ठेवला तर १५० रुपये. तिची मेहनत कमी झाली नाही, झाडावरचा कापूस कमी झाला. कायदा सांगतो की काम नगावर किंवा किलोवर असलं तरी दिवसाच्या ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. म्हणजे शेवटच्या वेचण्यांना किलोचा दर वाढवायचा किंवा रोजाने बाया लावायच्या. खानदेशात अनेक शेतकरी हे आजही करतात, कारण नाहीतर बाया येतच नाहीत. कायदा आणि गावची रीत इथे एकमेकांच्या जवळ आहेत.

परवडण्याचं म्हणशील तर हिशेब मांड. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. किलोला १० रुपयांनी वेचणी म्हणजे क्विंटलला १,०००. दर दोन रुपयांनी वाढवला तर २०० रुपयांचा फरक. आता खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन केलेल्या खरेदीत, व्यापारी हमीभावाच्या किती खाली घेतो आणि ओलाव्याच्या नावाखाली काट्यावर किती कापतो, ते वडिलांना विचार. जिथे वडिलांचे पैसे खरे जातात ते ठिकाण वेचणारणीच्या ओटीत नाही. तरी आपला हात तिच्याच मजुरीवर पडतो, कारण व्यापाऱ्याशी घासाघीस करायची ताकद नाही आणि तिच्याशी आहे. जाहीरनाम्यातलं "प्रत्येक माणूस" हे तुझ्या वडिलांनाही लागू आहे. पाच एकरवाला शेतकरी हा स्वतः राबणारा माणूस आहे; त्याच्या वर्षभराच्या श्रमाचा मोबदला बाजारात बुडत असेल तर तोही याच हक्काचा भंग आहे, आणि त्याविरुद्ध तो आणि त्याची वेचणारीण एकाच बाजूला उभे आहेत. वडील गुन्हेगार का, असं विचारलंस. किमान वेतनापेक्षा कमी देणं कायद्याचा भंग आहे, हे मी लपवणार नाही. पण मी आजवर छोट्या शेतकऱ्याविरुद्ध दाव्यापेक्षा गावबैठकीत दर ठरवण्याचा मार्ग पसंत केला आहे. पोळ्यानंतर, वेचणी सुरू व्हायच्या आधी बैठक घ्यायची. तिथे बाया असल्या पाहिजेत, नुसते त्यांचे नवरे नकोत.

फवारणीबाबत मात्र मी कुणालाच सवलत देत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त माणसं गेली, त्यात मजूर मोठ्या संख्येने होते. हातमोजे, तोंडावर मास्क, अंगभर कपडे, वाऱ्याकडे पाठ, दोन तासांनंतर सुट्टी, आणि औषधाचा डबा दवाखान्यात दाखवता येईल असा जपून ठेवणं, एवढं करायला पाच एकरवाल्यालाही जमतं. मजूर आजारी पडला तर भरपाई शेतमालकाकडून मागता येते, हेही वडिलांना माहीत असू दे.

तुझा तालुका शहादा, म्हणून सालदारांबद्दल लिहायलाच हवं. पाडव्याला किंवा आखाजीला (अक्षय तृतीयेला) वर्षाचा करार, म्हणजे साल, ठरायचं, धान्य आणि थोडे पैसे आगाऊ मिळायचे, आणि मग वर्षभर रात्रंदिवस त्या घराचं काम. आजारी पडला तर बदली माणूस द्यायचा. १९७१-७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती यांच्या पाठीशी तालुक्यातला भिल्ल समाज उभा राहिला. गेलेल्या जमिनी आणि सालदारांची मजुरी, हे त्यांचे मुद्दे. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, तिच्यात बाया पुढे होत्या आणि दारूबंदीसाठीही त्या लढल्या. त्या काळात मार खाल्लेली, जेलमध्ये गेलेली माणसं तुझ्या आसपासच्या गावांत अजून असतील. त्यांच्याकडे जा आणि विचार, तेव्हा सालदाराला मधेच साल मोडता यायचं का. तुझ्या शिबिरात जे सांगितलं ते ही माणसं जगली आहेत.

त्याच दुष्काळाच्या वर्षांत रोजगार हमी राज्यभर पसरली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगावात केलेला प्रयोग १९७२ च्या दुष्काळात कामी आला, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक, हे देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केलं. केंद्राचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये आला. गावात वेळेवर काम निघालं तर उचल घेणाऱ्यांची संख्या कमी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मुकादम भाद्रपद-आश्विनात येतो. काम त्याच्या आधी निघालं पाहिजे. मार्गशीर्षात निघालेलं काम कागदावर चांगलं दिसतं, पण तोवर माणसं गुजरातेत बार्डोलीच्या पडावात (मजुरांच्या तळावर) पोहोचलेली असतात. म्हणून कामाची मागणी पोळ्याच्या सुमारास लेखी करायची, एकेकट्याने नाही, वस्तीने मिळून, आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून हलायचं नाही.

शहरातल्या कामांवर थोडक्यात. जळगावच्या डाळ मिल, चटई आणि पाइपचे कारखाने, जिनिंग प्रेस, इथला बहुतेक मजूर ठेकेदाराचा असतो आणि त्याला खरा मालक कोण तेच माहीत नसतं. बाजार समितीतल्या हमाल-मापाड्यांना १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार आहे. नोंदणी असली तर हमाली मंडळामार्फत मिळते आणि भविष्य निर्वाह निधीसारखे फायदेही. बांधकाम मजुराने वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन कल्याण मंडळात नोंद करावी. ई-श्रम कार्ड काढावं, पण त्याने मजुरी बुडायची थांबत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. संघटना करण्याच्या आणि संपाच्या बाबतीत त्यांच्याबद्दल माझे गंभीर आक्षेप आहेत. संघटना स्वातंत्र्याचे आणि सामूहिक वाटाघाटीचे आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे ८७ आणि ९८ क्रमांकाचे, भारताने अजून स्वीकारलेले नाहीत, आणि एकट्या मजुराला हक्क देऊन संघटना कमकुवत केली तर तो हक्क वापरायचा कुणाच्या बळावर, हा माझा प्रश्न आहे. पण वेतन संहितेतल्या काही तरतुदी आपल्या कामाच्या आहेत, त्या वापराव्यात. किमान वेतन आता सगळ्या प्रकारच्या कामांना लागू आहे. मजुरी दिली हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, मिळाली नाही हे मजुराने सिद्ध करायचं नाही. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. ठेकेदाराने बुडवलं तर ज्याच्यासाठी काम केलं त्या मालकाकडून मागता येतं. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. बायांना, अनुसूचित जातीजमातीच्या माणसांना आणि वेठबिगारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यांच्या उत्पन्नाची अट न लावता. हे शेवटचं वाक्य तू वस्तीवर सगळ्यांना सांग, कारण वकिलाच्या फीच्या भीतीनेच निम्मे दावे दाखल होत नाहीत.

गुजरातच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट. मजुरीचा दावा साधारणपणे काम जिथे झालं तिथल्या कार्यालयात चालतो आणि मजूर तर परत डोंगरात आलेला असतो. तारखांना भाडं खर्चून कोण जाणार? म्हणून टोळी परतायच्या आधी, तिथे असतानाच तक्रारीचा अर्ज पडला पाहिजे. त्यासाठी गावात माणूस हवा, ज्याचा फोन नंबर टोळीतल्या बायांकडेही असेल.

तू तो माणूस होऊ शकतोस. यंदा दिवाळीच्या आधी वस्तीवर वही घेऊन बस. कोण जातंय, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या गावाच्या पडावात, उचल किती, फेड कशी ठरली, टनाला काय ठरलं, सोबत पोरं किती आणि त्यांची शाळा कोणती, हे लिहून घे. उचलीच्या वेळी दोन साक्षीदार हजर ठेव आणि जमलं तर मोबाईलवर फोटो काढ. प्रत्येक जोडीला चिठ्ठ्या ठेवायला एक पिशवी दे आणि वाटून भरलेल्या गाडीची खूण कशी करायची ते दाखव. पोरांची नावं मुख्याध्यापकांना दे, म्हणजे हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत जाईल. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत दे, एक सरकारी कामगार अधिकाऱ्यांना टपालाने पाठव, पोच जपून ठेव. मुकादमाला हे आवडणार नाही. त्याला बाजूला घेऊन सांग की वही त्याच्या विरोधात नाही. कारखान्याने त्याचं कमिशन अडवलं तर हाच पुरावा त्यालाही लागेल. बरेचसे मुकादम आधी स्वतः कोयता चालवलेले असतात, त्यांना हे कळतं.

आणि वडिलांची वेचणी सुरू व्हायच्या आधी घरात बसून शेवटच्या वेचणीचा दर काय द्यायचा ते त्यांच्याशी बोल. ठरलेला दर पहिल्याच दिवशी, वजनकाट्याजवळ, सगळ्या बायांसमोर सांगा.